सड्यावरचा वारा आणि सत्तावीस घरे

माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा आमची वाडी खाली कोयनेच्या काठाला होती. धरणाचे पाणी चढू लागले तशी काही घरे दूरच्या पुनर्वसनाला गेली आणि काही घरे गुरांच्या चाऱ्यासाठी आणि ग्रामदेवतेला सोडवेना म्हणून डोंगर चढून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, येऊन राहिली. आमचे घर वर आलेल्यांतले. साठच्या दशकात कोयनेची वीज मुंबईकडे जाऊ लागली. आज त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ज्यांच्या शेतांवर ते पाणी उभे राहिले, त्यांच्यातली आमची सत्तावीस घरे मात्र २०१४ सालापर्यंत रॉकेलच्या चिमणीवर होती. मधल्या काळात, २००० सालाच्या आगेमागे, सातारा आणि पाटण तालुक्यांच्या सीमेवरच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आमच्याकडे त्यांना सगळे 'पंखे'च म्हणतात.

आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स करून २००६ साली मी त्या पठारावरच देखभाल तंत्रज्ञ म्हणून कामाला लागलो. दिवसभर मनोऱ्यात चढून गिअरबॉक्सचे तेल बघायचे, ब्रेकचे पॅड बदलायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन चिमणीची काच पुसायची, असा माझा क्रम होता. २०११ च्या दिवाळीत आजीने मला विचारले, "पंखा आपल्या रानात फिरतोया, तार आपल्या डोक्यावरनं जातीया, मग उजेड कुणाच्या घरात पडतुया रं?" मी तिला तांत्रिक उत्तर दिले. यंत्रात वीज सातशेच्या आतल्या व्होल्टने तयार होते, तिथल्याच ट्रान्सफॉर्मरने ती ३३ हजार व्होल्टवर चढवली जाते, मग सगळ्या यंत्रांची वीज एका उपकेंद्रात गोळा होऊन मोठ्या वाहिनीवर जाते. ती वाहिनी केवळ वीज बाहेर नेण्यासाठी बांधलेली असते, तिच्यावरून वाटेत कुणाला जोडणी देता येत नाही आणि वीज कुणाला विकायची हेही करारात आधीच ठरलेले असते. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजी आपल्याला न्हाय." ते उत्तर माझ्या उत्तरापेक्षा खरे होते, आणि तिथून पुढची तीन वर्षे मी ज्या कामाच्या मागे लागलो त्याची सुरुवात तिथे झाली.

वाडीला सरकारी वीज न मिळण्याचे कारण कुणाची आडमुठेपणाची भूमिका नव्हती, हे आधी सांगायला हवे. खांबांची रांग वनखात्याच्या जमिनीतून न्यावी लागणार होती, आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यावर त्या परवानग्या आणखी काटेकोर झाल्या. तो प्रस्ताव चालू राहू द्यावा आणि तोपर्यंत आपल्या वाऱ्यावर आपली वीज करावी, असे मी ग्रामसभेत मांडले. मोठी पवनचक्की आमच्या कामाची नव्हती. तिला वीजवाहिन्यांच्या जाळ्याचा (ग्रिडचा) आधार लागतो, क्रेन लागते, रस्ता लागतो. आम्हाला हवी होती ती बॅटरी भरणारी लहान यंत्रे. ग्रामीण भागात वीज तयार करून तिथेच वाटणाऱ्याला वितरणाचा परवाना लागत नाही अशी तरतूद २००३ च्या वीज कायद्यात आहे, ती वाचून दाखवल्यावर सभेतली निम्मी शंका मिटली. उरलेली निम्मी पैशांची होती.

पैशांच्या आधी वारा मोजायचा, असा माझा हट्ट होता. सड्यावर वारा आहे हे शेंबडे पोरही सांगेल, पण वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो. म्हणून 'भरपूर वारा' या शब्दावर यंत्र विकत घेता येत नाही. मी एका जुन्या पाण्याच्या पाइपला पाइप जोडून अठरा मीटर उंचीचा खांब केला, त्याला चारी बाजूंनी तारांचे ताण दिले आणि वर तीन वाट्यांचा वेगमापक व दिशा दाखवणारा वातकुक्कुट बसवला. दर दहा मिनिटांची सरासरी नोंदवणारा छोटा लॉगर एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी वर्षभरासाठी वापरायला दिला. जून २०१२ ते मे २०१३ असे पूर्ण वर्ष आम्ही मोजले.

खांब कुठे उभा करायचा, यावरून मी पहिली चूक करणार होतो. मला कड्याची धार योग्य वाटत होती, कारण खालून चढणारा वारा तिथे तोंडावर आदळतो. वाडीतले सर्वांत वयस्कर आबा माझ्याबरोबर आले, धारेवर उभे राहिले आणि म्हणाले, "हितं वारा भोवंडतो, पोरा. दिसायला जोराचा, पर कामाचा न्हाय." त्यांनी मला धारेपासून दोन-अडीचशे पावले आत नेले आणि एक हिरड्याचे झाड दाखवले. त्याच्या सगळ्या फांद्या पूर्वेकडे वळलेल्या होत्या, पश्चिमेची बाजू जणू कोयत्याने साळसूद छाटलेली. पावसाळ्याच्या वाऱ्याने वर्षानुवर्षे त्या झाडाला एकाच दिशेने वाढवले होते. कड्याच्या धारेवर वाऱ्याचा प्रवाह जमिनीपासून सुटून भोवरे करतो आणि अशा भोवऱ्यात यंत्राचे बेअरिंग लवकर जाते, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. पण ते शिकलेले त्या झाडाजवळ उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा आठवले.

वर्षभराच्या नोंदींनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. जुलैची सरासरी सेकंदाला ९ मीटरच्या आसपास होती आणि ऑक्टोबरची जेमतेम साडेतीन. वेगाचा हा फरक अडीचपट दिसतो, पण घनाच्या हिशेबाने शक्ती सतरापट कमी होते. म्हणजे आषाढात वीज ठेवायला जागा नसणार आणि दिवाळीत दिवे लागणार नाहीत. त्यात अकराशे मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते, तेवढी वीज आणखी कमी. यावर उपाय एकच होता, सोबत सौर पॅनल घेणे. आमच्याकडे पावसाळ्यात धुक्याने आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पण दसऱ्यापासून मेपर्यंत आकाश स्वच्छ असते. वारा आणि ऊन जणू पाळी ठरवून येतात. पंखे उभारायला निघालेल्या माझ्यासारख्या माणसाला हे मान्य करायला थोडे जड गेले.

मग प्रत्येक घरी जाऊन मी गरज लिहून घेतली. तीन एलईडी दिवे, दोन मोबाइल, काही घरांत टीव्ही. छताच्या पंख्याची गरज सड्यावर कुणालाच नाही. घरटी दिवसाला ३०० वॅट-तास, म्हणजे युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सत्तावीस घरे, शाळेची खोली, देवळासमोरचे आणि वाटेवरचे सहा दिवे मिळून दिवसाला नऊ ते दहा युनिट लागतील असे निघाले. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट धरून तेरा युनिट तयार व्हायला हवेत. त्या हिशेबाने प्रत्येकी ३ किलोवॅटची तीन पवनयंत्रे, ४ किलोवॅटचे सौर पॅनल, २ व्होल्टचे ३०० अँपिअर-तासांचे साठ सेल आणि ५ केव्हीएचा इन्व्हर्टर अशी जुळणी ठरली. साठ सेल म्हणजे १२० व्होल्ट आणि ३६ युनिटांचा साठा. पण बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असा नियम केला तर हाताशी अठराच युनिट राहतात, म्हणजे वारा-ऊन दोन्ही नसताना पावणेदोन दिवस. अनेक योजना इथेच फसतात असे माझे मत आहे. कागदावर पूर्ण साठा मोजला जातो आणि दोन वर्षांत बॅटरी मरते.

निधीचा मोठा भाग सार्वजनिक योजनेच्या अनुदानातून आला. अर्ज, दरपत्रके, जागेचा उतारा, ग्रामपंचायतीचा ठराव, या फाइलीला दहा महिने लागले आणि त्यात दोनदा तोच ठराव नव्या तारखेने करून द्यावा लागला. आमच्या हिश्श्याची रक्कम मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने उभी केली. आमच्या घरटी एक तरी माणूस मुंबईत माथाडीत आहे. मशीद बंदरला आणि वाशीच्या बाजारात पोती उचलणाऱ्या माणसांनी महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला काढून गावाला उजेड पाठवला. पावतीपुस्तकाच्या त्या स्थळप्रती मी अजून जपून ठेवल्या आहेत. एका पावतीवर रक्कम एकावन्न रुपये आहे आणि देणाऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा आहे.

मार्च २०१४ मध्ये उभारणी केली. क्रेन वर येणे शक्य नव्हते, म्हणून जमिनीवर आडवा जोडून बिजागरीवर उभा करता येईल असा मनोरा आम्ही निवडला होता. त्याच्या बुंध्याला काटकोनात एक आडवा खांब असतो. त्याच्या टोकाला चेनपुली लावून ओढले की आडवा खांब खाली येतो आणि मनोरा वर उठतो. तारांच्या ताणासाठी जांभ्या खडकात भोके पाडून सळ्या काँक्रीटने गाडल्या होत्या आणि काँक्रीट एकवीस दिवस भिजवले होते. पाणी बायकांनी खालच्या झऱ्यावरून हंड्याने आणले. पहिला मनोरा उचलला तेव्हा प्रत्येक ताणापाशी चार-चार माणसे होती, मी मध्ये शिट्टी घेऊन उभा होतो, आणि मनोरा पंचेचाळीस अंशांवर आला तसा सगळा सडा गप्प झाला. मनोऱ्याचे वजन त्या टप्प्यापर्यंत चेनपुलीवर असते आणि तो सरळ होऊ लागला की अचानक मागच्या तारांवर जाते. मागच्यांनी वेळीच ताण धरला नाही, तर मनोरा पलीकडे आडवा होतो. मागे माझे चुलते आणि त्यांची दोन मुले होती. तार ताणली गेल्याचा टणत्कार झाला, मनोरा उभा राहिला, आणि चुलत्यांनी हातातली दोरी खुंटाला गुंडाळून दोन गाठी मारल्यावरच मान वर करून पाहिले.

अक्षय्य तृतीयेला घराघरांत दिवे लागले. आजीने चिमणी मात्र त्या रात्रीही विझवली नाही. ती देवळीत तशीच जळत ठेवून आजी नव्या दिव्याखाली बसून राहिली.

पहिल्या पावसाळ्याने आम्हाला पुष्कळ शिकवले. जुलैत बॅटरी दुपारीच भरून जायची आणि उरलेल्या विजेला वाट द्यावी लागायची, कारण पवनयंत्रावरचा भार काढून घेतला तर पाती बेफाम फिरतात. त्यासाठी तापणाऱ्या तारांचा एक भार जोडलेला असतो, जादा वीज तिथे उष्णता होऊन जाते. सड्यावर पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. लहान मुलांची दुपटी चुलीवर धरून सुकवावी लागतात आणि त्यांना कायम धुराचा वास येतो. माझ्या आत्याने तो तापलेला भार पाहिला आणि म्हणाली, "ही ऊब वाया का घालवतोस?" बॅटरीच्या खोलीत चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिथे तापणारी वस्तू ठेवणे धोक्याचे असते, म्हणून आम्ही शेजारी वेगळी पत्र्याची खोली बांधली, भार जाळीत बंद केला आणि वर दोऱ्या बांधल्या. दुसऱ्या वर्षी त्याच खोलीत एक अश्वशक्तीची घरघंटी आली. बाहेर लाल दिवा लागला की जादा वीज आहे असे समजायचे आणि नाचणीचे डबे घेऊन यायचे. त्याआधी दळणासाठी भर पावसात डोक्यावर इरले घेऊन दीड तास चालत खाली जावे लागत असे.

नोव्हेंबरमध्ये घरोघरचे दिवे रात्री नवालाच जाऊ लागले. सौर पॅनल ठीक होते, हिशेबही चुकला नव्हता. मी हायड्रोमीटर घेऊन एकेक सेल तपासत गेलो. बहुतेकांतल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे सेल किती भरलेला आहे ते सांगणारा आकडा, १.२३० ते १.२४० होते आणि एकेचाळिसाव्या सेलचे १.१५०. माळेतला एक सेल अशक्त असला की सगळी माळ त्याच्या ताकदीने चालते. इन्व्हर्टरला एकूण व्होल्टेज कमी दिसते आणि तो पुरवठा तोडतो. तो सेल मुळातच सदोष आला होता. पुरवठादाराने हमीचे पत्र दिलेले असतानाही बदली सेल यायला सात महिने लागले, आणि त्या काळात आम्ही तो सेल बाजूला काढून एकोणसाठांवर गाडा ओढला. तेव्हापासून सर्व सेलचे आकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीत लिहायचे, असे ठरले.

पुढच्या मे महिन्यात वळवाच्या पहिल्या विजेने एका यंत्राचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा भाग, जाळला. चूक माझी होती. जांभा खडक कोरडा असताना विजेला जमिनीत उतरू देत नाही. कोळसा आणि मीठ घातलेले अर्थिंगचे दोन खड्डे मी केले होते, पण एप्रिल-मेमध्ये त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी कुणावर टाकली नव्हती. त्यानंतर आम्ही जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी चर खणून थेट खालच्या झऱ्याच्या ओल्या मातीपर्यंत नेली. नंतर अनेकदा वीज पडली, पण कंट्रोलर पुन्हा जळला नाही.

यंत्रांइतकीच कठीण गोष्ट वाटपाची होती. प्रत्येक घराला एक अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा खटका, दिला होता आणि महिन्याला दीडशे रुपये ठरले होते. त्यातले शंभर नव्या बॅटरीसाठी बँकेत आणि पन्नास देखभालीसाठी. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्यांनी सारखेच पैसे का भरायचे, हा प्रश्न रास्त होता, आणि दोन सभांनंतर त्यांच्यासाठी शंभर रुपये केले. पहिल्या हिवाळ्यात एका घराने एमसीबीला वळसा घालून तार जोडली आणि आंघोळीच्या पाण्यासाठी हीटर लावला. पहाटे सगळी वाडी अंधारात गेली. दंड करावा असे अनेकांचे म्हणणे होते. त्या घरात बाळंतीण होती. आबांनी निकाल दिला की दंड नको, बाळंतपणाच्या घराला सव्वा महिना शेजाऱ्यांनी पाळीने गरम पाणी पोचवावे, आणि ती प्रथा आजही चालू आहे.

केंद्राची घरोघरी वीजजोडणी देणारी 'सौभाग्य' योजना आल्यानंतर, २०१९ च्या सुरुवातीला, महावितरणचे खांब अखेर वाडीत पोचले. मला मनापासून आनंद झाला, कारण मोठी गिरणी, फ्रीज, पाण्याचा मोठा पंप हे आमच्या सेलवर कधीच चालले नसते. त्याच वेळी आपले काम आता संपले का, हा प्रश्न ग्रामसभेत उभा राहिला. बॅटरी पाच वर्षांची होत आली होती, खात्यात दीड लाखाहून अधिक जमले होते, आणि ते पैसे वाटून घ्यावेत असे म्हणणारे कमी नव्हते. मी म्हटले की पावसाळ्यात वनातून येणारी तार झाड पडून तुटली, तर ती जोडायला माणूस वर येईपर्यंत काय करायचे ते ठरवा आणि मग वाटून घ्या. शेवटी वर्गणी साठ रुपयांवर आणली, घरातले टीव्ही महावितरणवर गेले आणि आमच्या वाहिनीवर प्रत्येक घरात एक दिवा, एक मोबाइलचा बोर्ड, वाटेवरचे दिवे, शाळा आणि घरघंटी एवढेच ठेवले. फेब्रुवारी २०२० मध्ये जुन्या सेलचे शिसे भंगारात देऊन, मुंबई मंडळाची थोडी भर घालून नवे साठ सेल आणले.

२२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यावर जो पाऊस कोसळला तो सर्वांना आठवत असेल. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींखाली घरे गेली, माणसे गेली. आमच्याकडे खालचा रस्ता तीन ठिकाणी तुटला आणि महावितरणची वीज त्या रात्री गेली ती अकरा दिवस आली नाही. वारा एवढा होता की यंत्रांच्या शेपट्या वळून पाती वाऱ्याच्या तोंडावरून बाजूला होत होत्या. जास्त वेगात स्वतःला वाचवण्याची ती त्यांची रीतच असते. मी आणि चुलत्यांचा धाकटा मुलगा पहाटे कंदील घेऊन ताणांचे टर्नबकल, म्हणजे तारा आवळायचे स्क्रू, बघत फिरलो. एक सैल झाला होता, तो तीन आटे आवळला. सकाळी शाळेच्या खोलीत मोबाइल चार्ज करायला चार वाड्यांची माणसे भिजत आली होती. त्यांतल्या काहींचे नातेवाईक मिरगावला होते आणि फोन लागत होता की नाही एवढेच त्यांना हवे होते. कुणी काही बोलत नव्हते. बोर्डावर एका वेळी वीस फोन लागत होते, आणि ज्यांचे नातेवाईक दरडीच्या बाजूला होते त्यांचे फोन आधी लावायचे, हे न सांगता सर्वांनी पाळले.

सध्या तीनपैकी दोन यंत्रे चालू आहेत. तिसऱ्याचे एक पाते तडकले, आणि तसे पाते आता तयार होत नसल्याने त्या यंत्राचे बेअरिंग आणि कार्बन ब्रश आम्ही इतर दोघांसाठी काढून ठेवले आहेत. सौर पॅनल मात्र वाढवून ६ किलोवॅट केले. आजी २०१८ साली गेली. तिची चिमणी बॅटरीच्या खोलीबाहेरच्या कोनाड्यात आहे. सेलची वही आता माझ्या चुलतभावाची मुलगी लिहिते. ती नववीत आहे, आणि गेल्या महिन्यात सतराव्या सेलचा आकडा १.२१० वर आल्याचे तिनेच मला फोन करून कळवले. येत्या रविवारी तो सेल वेगळा चार्ज करून पाहणार आहोत.